पाच प्लास्टर आणि तेहेतीस वर्षं

मी बूट घेतो तेव्हा दोन जोड घेतो. एक आठ नंबरचा, एक सहा नंबरचा. आठमधला उजवा घालतो, सहामधला डावा. उरलेले दोन कपाटाच्या तळाशी खोक्यात पडून राहतात. सध्या तिथे सात खोकी आहेत.

माझी डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक आहे. डावा घोटा वर-खाली जेमतेम हलतो, आत-बाहेर जवळजवळ नाहीच. मला उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे मित्रांबरोबर ट्रेकला गेलो की माझी खरी परीक्षा चढावर होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी होते. हिंजवडीतल्या ऑफिसात दोन तासांची मीटिंग संपवून उठलो की पहिली दहा-बारा पावलं मी भिंतीच्या कडेने टाकतो, म्हणजे लंगडणं कुणाच्या डोळ्यात येत नाही. मी एकोणतीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “घोटा पन्नाशीतल्या माणसाचा वाटतोय.”

जन्मलो तेव्हा माझं डावं पाऊल आत वळलेलं होतं. तळवा दुसऱ्या पायाकडे, टाच वर ओढलेली. याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एक बाळ असं पाऊल घेऊन येतं, मुलग्यांमध्ये मुलींच्या जवळपास दुप्पट. म्हणजे तुमच्या शाळेतही एखादा असणार. आठवून बघा, त्याला तुम्ही काय म्हणत होतात ते. मला ‘तिरपागडा’ म्हणायचे.

आमच्या घरात कारण लगेच सापडलं होतं. १९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होतं. आई तेव्हा गरोदर होती. दुसरा-तिसरा महिना. घरात पाहुणे, स्वयंपाक तिच्याच अंगावर, तिने विळीवर भाजी चिरली. मे महिन्यात मी असा जन्मलो. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, “गिराण पाळलं नाही बाईनं.” माझ्या आईने हे वाक्य किती वर्षं ऐकलं याचा हिशेब मी कधी केलेला नाही. दुसरा एक हिशेब मात्र केलाय.

मी दहा महिन्यांचा असताना माझं पहिलं ऑपरेशन झालं आणि सात वर्षांचा असताना दुसरं. ज्या उपचारामुळे या दोन्हींची गरज बहुतेक पडलीच नसती, तो एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात १९६३ साली छापून आला होता. माझा जन्म १९९६ चा. मध्ये तेहेतीस वर्षं आहेत. ग्रहणाने माझ्या पायाचं काही बिघडवलं नाही. या तेहेतीस वर्षांनी बिघडवलं. आणि ती वर्षं कशात गेली हे मी शोधायला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती फक्त डॉक्टरांच्या दुनियेत जात नाहीत. माझ्याही ऑफिसात जातात, तुमच्याही.

अंगठा कुठे ठेवायचा

आधी उपचार काय आहे ते सांगतो, कारण त्यातच सगळी मेख आहे.

बाळ आठवड्या-दोन आठवड्यांचं झालं की डॉक्टर त्याचं पाऊल हातात घेतात. हळूच, मिनिटभर, ठरावीक दिशेने ताणतात आणि जिथवर आलं तिथे धरून बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात. गुडघा काटकोनात. आठवड्याने ते काढायचं, पुन्हा थोडं ताणायचं, पुन्हा प्लास्टर. असे साधारण पाच ते सात प्लास्टर. बाळाचे अस्थिबंध या वयात मऊ असतात. ताणले तर ते नव्या जागेशी जुळवून घेतात. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर आखूड राहते. ती एका बारीक छेदातून, भूल त्या जागेपुरती देऊन, कापतात. याला टेनोटॉमी म्हणतात. टाका घालावा लागत नाही. त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. तेवढ्यात शीर हव्या त्या लांबीवर पुन्हा जुळते.

मग बूट. दोन छोटे बूट एका आडव्या पट्टीला जोडलेले, पावलं बाहेर वळलेली राहतील असे. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. नंतर फक्त झोपेत, पण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज.

संपलं. मोठा चिरा नाही, लोखंडी पिना नाहीत, आयसीयू नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्लास्टर घालून हाड सरळ करायचं यात नवीन काय? बरोबर आहे. प्लास्टर आधीही घालत होते. अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात डॉ. काइट नावाचे नामांकित सर्जन आयुष्यभर प्लास्टरनेच क्लबफूट सुधारत होते. पण त्यांच्या पद्धतीला महिनोन्‌महिने लागायचे आणि इतरांच्या हातात तिचा गुण येत नसे. कारण फार छोटं होतं. पाऊल बाहेर वळवताना अंगठ्याने टेकू कुठे द्यायचा? काइट पावलाच्या मध्यावर, बाहेरच्या कडेला देत. तिथे टेकू दिला की टाचेचं हाड अडकून बसतं आणि फिरतच नाही. त्याच्या थोडं मागे, वर, घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडाच्या डोक्यावर अंगठा ठेवला आणि पुढचं पाऊल बाहेर नेलं, तर टाचेचं हाड कुणी हात न लावता आपोआप फिरून जागेवर येतं.

अंगठ्याची जागा बोटभर सरकली. बस. मी कोड लिहून पोट भरतो. एका चुकीच्या इंडेक्समुळे दोन दिवस रडलेलो माणूस आहे. पण बोटभर चुकीसाठी जगभरातली लाखो पावलं कापली गेली, हे पचवायला मलाही वेळ लागला.

घड्याळजीचा मुलगा

ही बोटभर जागा ज्यांनी शोधली त्यांचं नाव इग्नासिओ पॉन्सेटी. जन्म ३ जून १९१४, स्पेनच्या मेनोर्का बेटावर. वडील घड्याळं दुरुस्त करत, पोरगा लहानपणी हाताखाली बसे. बारीक चाकं एकमेकांत कशी फिरतात हे बोटांना कळायची सवय तिथली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. मी बेरीज करून बघितली तर ते पटतं. पाऊल म्हणजे सव्वीस हाडांचं यंत्र आहे. एक फिरवलं की चार फिरतात. कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं, एवढाच प्रश्न.

१९३६ मध्ये बार्सिलोनात डॉक्टरकीचं शिक्षण संपतंय तोवर स्पेनमध्ये यादवी सुरू झाली. पॉन्सेटी प्रजासत्ताकाच्या बाजूने सैन्यात डॉक्टर झाले, मोडलेली हाडं बसवू लागले. १९३९ मध्ये बाजू हरली. जखमी सैनिकांना न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या, तेव्हा त्यांनी डोंगरातल्या तस्करांची मदत घेऊन त्यांना फ्रान्सच्या हद्दीत पोचवलं, आणि स्वतः पळाले. पुढे मेक्सिकोत दोन वर्षं साधे फॅमिली डॉक्टर. १९४१ मध्ये अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात डॉ. आर्थर स्टाइंडलर यांच्याकडे अस्थिरोग शिकायला गेले आणि तिथलेच झाले.

तिथे त्यांना जे काम मिळालं ते कुठल्याही ज्युनियरला मिळतं तसंच होतं: जुन्या केसेस तपासा. क्लबफूटची आधी ऑपरेशनं झालेली माणसं पुन्हा बोलावून बघा. त्यांनी बघितलं. पावलं दिसायला बऱ्यापैकी सरळ होती, पण ताठ, दुखरी, अशक्त. आतून व्रणांनी भरलेली. म्हणजे माझ्यासारखी.

इथे दोन रस्ते होते. एक, ऑपरेशन आणखी चांगलं करायचं. बहुतेक सगळे याच रस्त्याने गेले. दुसरा, मुळात कापायला हवं का, हे विचारायचं. पॉन्सेटींनी पावलांची चिरफाड करून रचना बघितली, अस्थिबंधांचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीला प्लास्टरची आपली पद्धत सुरू केली. १९६३ मध्ये निकाल छापले.

पुढे काय झालं? काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे अगदी काहीच नाही. आयोवात ते बाळांची पावलं सरळ करत राहिले आणि बाकीची दुनिया कापत राहिली. १९७१ मध्ये टर्को नावाच्या सर्जनने एका दमात सगळे आखूड अस्थिबंध आणि शिरा सोडवायचं ऑपरेशन मांडलं आणि पुढची पंचवीस वर्षं जगभर तेच चाललं. माझ्या पायावर झालं ते त्याच घराण्यातलं. पॉन्सेटी १९८४ मध्ये निवृत्त झाले. नंतर पुन्हा कामावर आले. १९९५ मध्ये आयोवातल्याच दोन सहकाऱ्यांनी त्यांचे जुने रुग्ण शोधून काढले, सरासरी चौतीस वर्षांनंतरचे. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांची पावलं उत्तम किंवा चांगली होती. ज्यांना कधीच काही झालं नव्हतं अशा लोकांमध्ये हे प्रमाण पंच्याऐंशी होतं. क्लबफूट घेऊन जन्मलेला माणूस पस्तिशीत जवळपास इतरांसारखाच चालत होता. १९९६ मध्ये, मी जन्मलो त्याच वर्षी, पॉन्सेटींचं पुस्तक आलं. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते.

आणि तरीही ही पद्धत सर्जनांनी पसरवली नाही. ती पसरवली आई-बापांनी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या घराघरांत इंटरनेट आलं. बाळाचं ऑपरेशन टाळता येईल का हे शोधणाऱ्या पालकांना आयोवातला हा म्हातारा सापडला. ते गाडी काढून तिकडे गेले, परत येऊन आपापल्या बाळांचे फोटो एकमेकांना दाखवले. मग त्या पालकांनी आपापल्या गावच्या सर्जनला विचारायला सुरुवात केली, “तुम्ही हे का करत नाही?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पाचेक वर्षांत वारं फिरलं. आज जगभर क्लबफूटचा पहिला उपचार म्हणून हीच पद्धत मानतात. पॉन्सेटी २००९ मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी गेले. जवळजवळ शेवटपर्यंत ते बाळांची पावलं हातात घेत होते.

टाळ्या कुणाला मिळतात

तर तेहेतीस वर्षं कशात गेली?

‘डॉक्टर पैशाला हपापलेले’ हे उत्तर सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आमच्याकडून जेमतेम पैसे घेतले होते. आई अजूनही त्यांचं नाव हात जोडून घेते. त्यांच्या परीने त्यांनी चांगलंच काम केलं. त्यामुळेच मला राग कुणा एका माणसाचा येत नाही. राग येतो तो आपण ‘मोठं काम’ कशाला म्हणतो याचा.

हाडांच्या डॉक्टरची कारकीर्द कशी मोजतात बघा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन, मग फेलोशिप. या सगळ्या काळात वहीत काय लिहिलं जातं? किती ऑपरेशनं बघितली, कितीत हाताखाली उभा राहिला, किती स्वतः केली. अमुक बाळाला कापावं लागलं नाही, अशी नोंद करायला त्या वहीत रकाना नसतो. टाळलेलं ऑपरेशन दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, त्यावर परिषदेत भाषण होत नाही.

आणि प्लास्टर? कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर, एसी, दारावर लाल दिवा. प्लास्टर रूम तळमजल्यावर, जिन्याखाली, पांढऱ्या चिखलाने माखलेली. तिथे पाठवतात सगळ्यात नव्या डॉक्टरला, किंवा प्लास्टर घालणाऱ्या कर्मचाऱ्यावरच सोडून देतात. म्हणजे ज्या कामात अंगठा बोटभर सरकला तर पाऊल बिघडतं, ते काम आपण सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. हातात सुरी असलेला मोठा आणि हातात ओली पट्टी असलेला छोटा. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. शरीरातही तीच. मेंदूचा डॉक्टर, हृदयाचा डॉक्टर, मग मणका, मग गुडघा, आणि सगळ्यात शेवटी पाऊल. पाऊल जमिनीला लागतं ना! पुणे-मुंबई रस्त्यावर गुडघे बदलण्याची होर्डिंगं मोजा. पावलाचं एक दिसलं तर मला फोटो पाठवा.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑपरेशनचा निकाल टेबलावर दिसतो. वाकडं पाऊल आत गेलं, सरळ बाहेर आलं. घरचे पाया पडतात. त्या पावलाचा खरा निकाल लागतो पंचवीस वर्षांनी, जेव्हा व्रण आवळत जातात आणि सांधा झिजतो. तोवर सर्जन निवृत्त झालेला असतो आणि बाळ हिंजवडीत भिंतीच्या कडेने चालत असतं. २००६ मध्ये अमेरिकेत अशा मोठ्या ऑपरेशनांचे जुने रुग्ण दीर्घकाळानंतर तपासले गेले. ताठ सांधे, संधिवात, दुखणं असंच त्यात निघालं. म्हणजे पॉन्सेटींनी तरुणपणी स्टाइंडलरांच्या रुग्णांत जे बघितलं होतं, तेच साठेक वर्षांनी पुन्हा दिसलं. मधल्या काळात मागे वळून बघणं हे कुणाचं ‘काम’च नव्हतं.

मला हे ऐकल्यासारखं वाटतं, कारण मी ते रोज बघतो. आमच्या टीममध्ये एकजण आहे. रात्री तीन वाजता सिस्टिम पडली की हा उठतो, पाच वाजेपर्यंत ती वर आणतो, सकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करतो. दुसरी एक मुलगी आहे. तिच्या भागातली सिस्टिम तीन वर्षांत एकदाही पडलेली नाही. वर्षाअखेरीच्या आढाव्यात तिला विचारलं गेलं, “या वर्षी तुझं ठोस योगदान काय?” ती नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्याने तीन महिन्यांत सिस्टिम पाडली, रात्री जागून वर आणली आणि बढती मिळवली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीही.

आयोवातल्या त्या माणसाची कारकीर्द आजच्या भाषेत लिहून काढली तर काय दिसेल? बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं एकाच संस्थेत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. पेटंट नाही, कंपनी नाही, उपकरण नाही. ओळख ऐंशीनंतर. आपण त्याला ‘स्टॅग्नंट’ म्हटलं असतं आणि नोकरी बदलायचा सल्ला दिला असता.

“आमच्या नातवाला सरकारी प्लास्टर?”

हे सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. पण जानेवारी २०२४ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. दोन्ही पावलं आत वळलेली.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात दाखवलं होतं. तिथे सांगितलं, आता थोडे दिवस प्लास्टर घालून बघू, पण शेवटी ऑपरेशनच लागेल, आठ-दहा महिन्यांचा झाला की दोन्ही पाय एकदमच करून टाकू, पॅकेज आहे. एक लाख ऐंशी हजार. “दादा, तुम्ही आयटीत आहात. पैशाचं थोडं बघाल ना?”

मी म्हणालो, “दाजी, पैसे देतो. पण ऑपरेशनला देत नाही.”

पुढचे चार दिवस आमच्या दोन्ही घरांत जे झालं ते सांगायला नको. मी कंजूष ठरलो. मी ‘नेटवर वाचून शहाणा झालेला’ ठरलो. ताईंच्या, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंच्या, तोंडचं वाक्य मी विसरणार नाही: “सरकारी दवाखान्यात फुकटचं प्लास्टर? आमच्या नातवाला?” त्यात प्रेमच होतं. जे महाग ते चांगलं, जे कापतं ते पक्कं, हा हिशेब त्यांनी एकट्यांनी बनवलेला नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून बनवलाय.

भांडण मिटवलं माझ्या आईने. ती तिकडे गेली, बाळाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, “पँट वर कर.” मी डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बारीक पोटरी, घोट्यावरून टाचेमागे गेलेला व्रण. कुणी काही बोललं नाही. आई म्हणाली, “हे मोठ्या दवाखान्यातलं आहे.”

क्लबफूट हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातला, म्हणजे आरबीएसकेतला, एक आजार आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अनेक सरकारी रुग्णालयांत क्युअर इंडियासारख्या संस्थांच्या मदतीने आठवड्याचा एक दिवस फक्त क्लबफूटसाठी असतो. प्लास्टर मोफत, बूट मोफत. आम्ही सोळाव्या दिवशी तिथे गेलो. तळमजला, जिन्याखालची खोली, बाहेर बाकावर बारा-तेरा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एक पांढऱ्या पायांचं बाळ. एक तरुण डॉक्टर खाली मान घालून बसला होता. त्याचा अंगठा कुठे जातोय हे मी वाकून बघत होतो. टॅलसवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, मी बाळाचा बाप आहे. म्हणाला, “काका, घाबरू नका, दुखत नाहीये त्याला.” एकोणतिसाव्या वर्षाच्या आत मला काका म्हणणारा तो पहिला डॉक्टर, त्याला माफ केलं.

पाच प्लास्टर लागले. मग टेनोटॉमी, आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मग तीन आठवडे. मग बूट.

मान्य, पण

माझ्या एका डॉक्टर मित्राला हा लेख वाचायला दिला. त्याचे दोन आक्षेप इथेच नोंदवतो.

पहिला: “ऑपरेशनला इतकं बदनाम करू नकोस. काही पावलं फार ताठ असतात, काही बाळांना इतर आजार असतात, काही मुलं पाच-सात वर्षांची झाल्यावर येतात, काहींचं पाऊल पुन्हा वळतं. तेव्हा सर्जनच लागतो.” मान्य. पॉन्सेटी स्वतः सर्जन होते आणि गरज पडली तेव्हा त्यांनीही कापलं. पुन्हा वळलेल्या पावलात एक कंडरा जागेवरून हलवून दुसरीकडे जोडायचं ऑपरेशन त्यांच्या पद्धतीचाच भाग आहे. मी सुरीच्या विरोधात नाही. सुरीला आपोआप मिळणाऱ्या मानाच्या विरोधात आहे. कधी कापायचं हे कळायला आधी न कापता काय होतं ते मनापासून करून बघावं लागतं. ‘थोडे दिवस प्लास्टर घालून बघू’ असं म्हणत वाट बघणं आणि अंगठा नेमका ठेवून प्लास्टर घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा: “तुझ्या वेळी इथे कुणाला माहीत होतं? दोष कुणाला देणार?” अर्धं मान्य. पण आयोवाच्या शेजारच्या राज्यातल्या सर्जनांनाही ते माहीत असून नसल्यासारखंच होतं. मासिक त्यांच्या टेबलावर येत होतं. अडचण माहिती पोचण्याची नव्हती. प्लास्टर म्हणजे किरकोळ काम, ते आपल्याला येतंच, अशी खात्री आडवी आली. युगांडात पुढे काय झालं ते बघा. तिथे अस्थिरोग सर्जन मोजके. मग डॉक्टर नसलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना ही पद्धत शिकवली आणि त्यांनी ती नीट केली. कारण त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं की हे काम त्यांच्या पायरीखालचं आहे.

म्हणून तुम्हाला एक सांगणं. तुमच्या घरात, ओळखीत असं बाळ आलं, तर पहिल्या दोन आठवड्यांत विचारायला लागा. नुसतं ‘प्लास्टर घालता का’ विचारू नका, सगळेच हो म्हणतात. विचारा: पॉन्सेटी पद्धतीने घालता का? प्लास्टर जांघेपर्यंत असतं का? आठवड्याला किती पावलं बघता? बूट-पट्टी कुठून मिळणार आणि चार वर्षं कोण तपासणार? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. इमारत कितीही चकचकीत असली तरी उठा. आणि बाळाच्या आईला ग्रहणाबद्दल कुणी एक शब्द बोललं, तर त्याला हा लेख वाचायला द्या.

शेवटचं, आणि सगळ्यात कंटाळवाणं. या उपचारात पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा बूट सोडल्यामुळे. पाय सरळ दिसायला लागतो, बाळ रडतं, पाहुणे म्हणतात “कशाला त्या जिवाला बेड्या?”, आणि एक रात्र चुकते, मग आठवडा. डॉक्टरचं काम दोन-अडीच महिन्यांत संपतं. घरच्यांचं चार वर्षं चालतं. त्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. माझी बहीण ते करते. ताईसुद्धा करतात, आता पट्टीचा एखादा स्क्रू ढिला झाला तर आधी त्यांनाच कळतं. रात्री फोनवर बोलताना मागे पट्टी पाळण्याच्या लाकडावर आपटल्याचा आवाज येतो, टक, टक.

परवा बहिणीने व्हिडिओ पाठवला. भाचा अंगणात उकिडवा बसून शेंगा फोडतोय. टाचा जमिनीला टेकलेल्या, दोन्ही. तो तसाच बसून राहतो, उठतो, पुन्हा बसतो. मी तो व्हिडिओ ऑफिसात बसून सहा-सात वेळा बघितला. मग बहिणीला विचारलं, काल रात्री बूट घातले होते का.

ती म्हणाली, “साडेनऊला. दादा, तू रोज विचारतोस.”

अजून दोन वर्षं विचारणार आहे.